आठवड्याला दोन तास: अग्निशमन जवानांच्या सरावात आधी काय घ्यावं?

धुरकट

मुद्द्याचं बोलू. समजा १२ जणांचं पथक आहे. एक पंप, सहा बीए सेट (पाठीवर सिलेंडर आणि तोंडावर मास्क असलेलं श्वसनयंत्र), ४५ मिमीचे होज (पाण्याचे पाइप), एक शिडी, एक रिकामी दोन मजली इमारत. आग लावायची परवानगी नाही. आठवड्याला हातात दोनच तास. नवशिक्यांचं मूलभूत प्रशिक्षण झालेलं आहे, म्हणजे कपलिंग (दोन होजमधला जोड) कसं जोडायचं इथून सुरुवात नको.

बहुतेक ठिकाणी सराव म्हणजे कवायत असते: शिट्टी, धाव, होज टाक, पाणी सोड, ४० सेकंद झाले, शाबास. मैदानात झकास दिसतं. त्याच पथकाला अंधाऱ्या जिन्यात दुसरं वळण पार करता येत नाही. सुरुवात कुठून करावी? क्रम का तो, हेही सांगा.

कपलिंग६३

होजपासून. बाकी सगळं त्यानंतर.

४५ मिमीच्या होजमध्ये एका मीटरला सुमारे १.६ लिटर पाणी मावतं. म्हणजे ३० मीटर भरलेल्या होजमध्ये जवळजवळ ४८ किलो नुसतं पाणी. मैदानात ते गवतावरून घसरत येतं. घरात प्रत्येक दाराची चौकट, जिन्याचा कठडा, कपाटाचा कोपरा त्याला धरून ठेवतो. ब्रँच म्हणजे होजच्या टोकाचं नोझल; एकट्या ब्रँचवाल्याने दोन वळणं पार करून होज ओढायचा म्हटलं तर तो दहा मीटरवर थकतो आणि आग दिसण्याआधी अर्धी हवा संपवतो.

मैदानातल्या कवायतीत सगळे ब्रँचमागे रांगेत उभे राहतात. आत गेल्यावरही तेच करतात, कारण तेच अंगवळणी पडलेलं असतं. खरं तर तिघांची टोळी असेल तर एक ब्रँचवर, दुसरा त्याच्या मागे दीड-दोन मीटरवर, आणि तिसरा सर्वात जवळच्या वळणावर. तिसऱ्याने ओढायचं नाही, पुरवायचं. तो वळणापाशी दोन मीटरचा फुगवटा उभा करून ठेवतो. ब्रँच पुढे सरकला की फुगवटा खाली बसतो, मग तो मागून पुन्हा भरतो. फुगवटा बसायचा थांबला म्हणजे पुढचे थांबलेत. एकही शब्द न बोलता त्याला ते कळतं.

सराव असा: पाणी भरलेला होज, दोन दारं, एक जिना. आत शिरण्याआधी दाराबाहेर किमान एक लांबी होज मोकळ्या वळशात मांडलेला हवा. तिथेच ब्रँच उघडून होजमधली हवा बाहेर काढा, फवारा कसा येतोय ते बघा, मग बंद करून आत. दाराखाली पाचर मारा. आपोआप मिटणारं दार होजवर बसलं की पाणी अर्धं होतं, आणि पुढच्याला वाटतं पंपवाला झोपला.

आणखी एक. ४७५ लिटर प्रति मिनिट आणि ७ बार नोझल दाबाला ब्रँच साधारण २८ किलोच्या जोराने मागे ढकलतो. तेवढंच पाणी साडेतीन बारच्या नोझलने दिलं तर २० किलो. हा फरक एकदा प्रत्येकाला हाताने कळू द्या. ब्रँच पूर्ण न उघडण्याची सवय बहुधा त्या धक्क्यामुळे लागते. अर्धवट उघडला की फवारा चांगला दिसतो, पण पाणी पुरेसं जात नाही.

हवेचाहिशोब

होजचं मान्य, पण पहिला क्रम नाही देणार. होज अडकला तर आग वाढते, हवा संपली तर माणूस जातो. दोन तासांतला पहिला अर्धा तास दर आठवड्याला बीए सेटलाच द्या, कंटाळा आला तरी.

हिशोब सगळ्यांना तोंडपाठ असतो पण उलट्या बाजूने. ६.८ लिटरचा सिलेंडर, ३०० बार, म्हणजे सुमारे २,०४० लिटर हवा. कागदावर ४० लिटर प्रति मिनिट धरून ५० मिनिटं मोजतात. होज ओढणारा, शिडी चढणारा माणूस मिनिटाला ८० लिटर सहज घेतो. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, म्हणजे शिट्टीपर्यंत वापरायला १,६६६ लिटर, २१ मिनिटं. आणि शिट्टीनंतर? उरलेले ३७४ लिटर, पाच मिनिटंसुद्धा नाहीत. तीही त्याच जोरात काम चालू असेल तर. घाबरलेला माणूस त्याहून वेगाने श्वास घेतो.

तेव्हा शिट्टी ही निघायची वेळ नव्हे. शिट्टी वाजेल तेव्हा दाराबाहेर असायचं. जर्मन पथकांचा नियम सोपा आहे: जाताना जितकी हवा लागली त्याच्या दुप्पट परतीसाठी राखायची. २८० वर आत शिरलात, कामाच्या जागी पोहोचलात तेव्हा २१० आहे, म्हणजे ७० गेले. १४० दिसले की मागे फिरायचं, काम अर्धं असलं तरी. टोळीत ज्याची हवा सर्वात कमी, त्याचा आकडा सगळ्यांचा आकडा.

मैदानी सरावात गेज (सिलेंडरचा दाब दाखवणारा काटा) कुणी बघत नाही, कारण तिथे हवा संपायची भीती नसते. म्हणून प्रशिक्षकाने मध्येच मागून खांद्यावर थाप मारायची आणि विचारायचं, "किती?" गेजकडे न बघता आकडा सांगायचा, मग बघायचं. दहा बारच्या आत आला तर ठीक. सुरुवातीला ५० बारची चूक सर्रास होते, आणि ती नेहमी एकाच दिशेने: माणसाला आपल्याकडे आहे त्याहून जास्त हवा वाटते.

प्रत्येकाचा स्वतःचा वापरही मोजून ठेवा. पूर्ण पोशाखात होज ओढणं, जिना चढणं, ७५ किलोचा पुतळा ओढणं, असा ठरलेला फेरा. सुरू आणि शेवट बार लिहा, फरकाला ६.८ ने गुणा, मिनिटांनी भागा. तोच फेरा तीन महिन्यांनी. आकडा भिंतीवर लावू नका, लोक श्वास रोखून धरायला लागतात.

धुरकट

श्वास रोखण्याचं लक्षात घेतलं नव्हतं. आणि माणूस अडकला तर? मेडे, म्हणजे रेडिओवरून मदतीची हाक, द्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. नेमकं काय बोलायचं, कोणत्या क्रमाने?

जिन्याखाली

आधी ठिकाण. बाकी सगळं नंतर, कारण पहिल्या वाक्यानंतर रेडिओ बंद पडू शकतो.

"मेडे, मेडे, मेडे. दुसरा मजला, मागची बाजू, जिन्याच्या उजवीकडची खोली." मग पथक आणि नाव, मग काय झालं (वाट चुकली, काही पडलं, अडकलो), हवा किती बार, काय हवं. इंग्रजीत याचा क्रम लक्षात ठेवायला 'ल्यूनर' असा शब्द करतात. मराठीत पाठ करायचं तर: कुठे, कोण, काय झालं, हवा किती, काय पाहिजे.

शब्द पाठ होतात, हात होत नाहीत. जाड हातमोजे घालून रेडिओचं आणीबाणीचं बटण सापडत नाही. माइक खांद्याच्या पट्ट्याखाली दबलेला असतो. कुणी माइक मास्कच्या काचेसमोर धरतो, आवाज पलीकडे गुरगुरल्यासारखा जातो. माइक मास्कवरच्या बोलण्याच्या पडद्यापाशी, दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचा. आणि हालचाल थांबल्यावर वाजणारं यंत्र चालू झालं असेल तर त्याच्या कर्कश आवाजात रेडिओवर एक अक्षर कळत नाही. बोलण्यापुरतं ते बंद करायचं, निरोप पोहोचला की हाताने पुन्हा लावायचं. हे पुन्हा लावणं दहातले आठ विसरतात.

सराव: मास्कच्या काचेला आतून मेणकागद. गुडघ्यावर. प्रशिक्षक रेडिओचा चॅनेल गुपचूप बदलतो, होज दोन पावलं बाजूला सरकवतो. आता होज शोध, कपलिंग चाचप आणि बाहेरची दिशा सांग. कपलिंगचा कोणता भाग पंपाकडे असतो हे आपल्याकडच्या बनावटीप्रमाणे आधीच ठरलेलं असायला हवं. दोन बनावटी मिसळलेल्या असतील तर हा धडा उलटा पडतो.

मेडे उशिरा का देतात, याचं कारण बहुतेक वेळा लाज. 'आणखी एक मिनिट शोधतो' या मिनिटातच हवा जाते. म्हणून सरावात मेडेची अट आकड्यात ठेवा: ३० सेकंदांत वाट सापडली नाही की द्यायचा. चुकून दिला म्हणून कुणी हसलं तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा.

कपलिंग६३

याला जोडून, बचावाच्या टोळीबद्दल. २००१ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात एका सुपरमार्केटच्या आगीत जवान दगावला. त्यानंतर तिथल्या अग्निशमन दलाने मोठ्या इमारतींमध्ये शेकडो वेळा बचावाचा सराव करून मोजमाप केलं. एका जवानाला बाहेर काढायला सरासरी १२ जण आणि सुमारे २१ मिनिटं लागली. आणि बचाव करायला गेलेल्यांपैकी दर पाचातला एक स्वतः अडचणीत आला.

आता वरचा २१ मिनिटांचा हवेचा हिशोब याच्याशेजारी ठेवा. दोघा-तिघांची राखीव टोळी बाहेर उभी करून काम झालं असं समजू नका. पहिली टोळी जाते ती शोधायला आणि हवा पोहोचवायला. ओढून काढणारी टोळी दुसरी, कधी तिसरी.

ओढताना सेटच्या पट्ट्यावरून माणूस निसटतो. त्याचा कमरेचा पट्टा सैल करायचा, एका मांडीखालून घेऊन दोन पायांमधून परत बकलात अडकवायचा, खांद्याचे पट्टे आवळायचे. मग सेटच खोगीर होतो. बघायला दहा सेकंदांचं काम. हातमोजे घालून, अंधारात, माणूस पोटावर पडलेला असताना पहिल्यांदा तीन मिनिटं लागतात.

ओलं_लाकूड

धाग्यात 'आग लावायची परवानगी नाही' असं म्हटलंय. मी म्हणेन बरंच आहे. जिवंत आगीशिवाय शिकता येण्यासारखं इतकं आहे की सहा महिने पुरेल. पण पुढे कधी परवानगी मिळाली तर थोडं लिहून ठेवतो.

सरावाच्या आगीत माणसं मेली आहेत. १९८२ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला दोन जवान गेले, आणि त्यातूनच पुढे अमेरिकेत जिवंत आगीच्या प्रशिक्षणाचं एनएफपीए १४०३ हे मानक तयार झालं. मानक असूनही २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलला एका जुन्या घरात नवख्या स्वयंसेवकाला 'अडकलेला माणूस' म्हणून आत ठेवलं, फोमची गादी पेटली, तो गेला. त्याला बाहेर काढायचा सराव होता, आणि तो खरंच बाहेर काढावा लागला.

मानकातलं जे कुठेही लागू करता येतं ते एवढं. पीडित म्हणून जिवंत माणूस नाही, पुतळाच. जळण फक्त लाकडी पॅलेट आणि पेंढा. फोम, रबर, प्लास्टिक, रसायन लावलेलं लाकूड नाही, पेट्रोल-डिझेल तर नाहीच. जुन्या घरात एका वेळी एकच आग. पाच शिकाऊंमागे एक प्रशिक्षक. आगीवर पाणी मारणारा होज आणि राखीव होज वेगवेगळ्या पाण्यावर, दोन्हींना किमान ३६० लिटर प्रति मिनिट. सुरक्षा अधिकाऱ्याला दुसरं काम नाही, फोटो काढायचंही नाही. आग लावण्याआधी प्रत्येक जण आतून फिरून बाहेर पडायच्या वाटा बघतो आणि बाहेर पडण्याचा इशारा प्रत्यक्ष ऐकतो.

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम जळणाचा. 'आग पुरेशी दिसत नाही' म्हणून कुणीतरी सोफा टाकतं. प्लायवूड-चिपबोर्डचे पत्रेही 'लाकूडच आहे' म्हणून वाढवत नेतात, त्यांची उष्णता पॅलेटच्या मानाने फार झपाट्याने चढते. गॅसवर चालणाऱ्या नकली आगी सुरक्षित असतात, पण त्या पाणी पडलं की आज्ञाधारकपणे विझतात. त्यावर शिकलेला माणूस खऱ्या धुराकडे बघायला शिकत नाही.

नोझलपंथी

एवढ्या प्रतिसादांत दाराबद्दल कुणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं.

यूएल या अमेरिकेतल्या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये दोन खोल्या शेजारी शेजारी पेटवल्या. जुन्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली सगळी एकदम पेटायला २९ मिनिटं लागली. फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या सामानाची चार मिनिटांच्या आत. म्हणजे पथक पोहोचतं तेव्हा आग बहुधा हवेसाठी तळमळत धुमसत असते. त्याच संस्थेच्या पुढच्या चाचण्यांत, पाणी न मारता दार उघडलं तर एकमजली घरात शंभर सेकंदांच्या आसपास खोली पेटली.

त्यामुळे दारापाशी एक माणूस हवाच, आणि त्याचं काम दार उघडं धरणं नसून होजपुरती फट ठेवून लोटून धरणं आहे. याचा सराव रिकाम्या इमारतीत फुकट होतो. थिएटरमधला नकली धूर सोडा, दार पूर्ण उघडा, मग लोटा. धुराचा थर कुठल्या उंचीवर तुटतो, आत हवा खालून कशी ओढली जाते हे डोळ्यांनी दिसतं. (नकली धूर थंड असतो, लवकर खाली बसतो, तेवढी सूट धरा.)

दुसरं, बाहेरून खिडकीतून पाणी मारलं की आग आतल्या माणसांवर ढकलली जाते हे अजून शिकवलं जातं. सरळ, बारीक धार उभ्या कोनात छतावर स्थिर धरली तर तसं होत नाही. होतं तेव्हा फवारा रुंद केलेला असतो किंवा ब्रँच गोल फिरवलेला असतो. तेव्हा खिडकीतून बाहेर जाणारा धूर अडतो आणि पाण्याबरोबर हवा आत जाते.

हवेचाहिशोब

धारेबद्दल सहमत. पण आत जाताना माथ्यावरच्या वायूंना छोटे फवारे मारून थंड करणं यातून वगळू नका. लांब कॉरिडॉरमध्ये आग दिसत नसताना तेच हातात असतं.

नोझलपंथी

वगळत नाही, पण ते चुकीचं केलं तर न केलेलं बरं. एक लिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १,७०० लिटर वाफ होते. वायूत वाफ झाली तर वायू आक्रसतो, भिंतीवर-छतावर झाली तर ती सगळी खाली आपल्या अंगावर येते. फवाऱ्याचा कोन ६० अंशांच्या आसपास, उघडझाप सेकंदाच्या आत.

आगीशिवाय तपासायचं तर कोरड्या सिमेंटच्या खोलीत एक फवारा मारा आणि जमीन बघा. ठिपके पसरले असतील तर ठीक. धार पडल्यासारखा ओला पट्टा दिसला, समोरची भिंत ओघळली, तर थेंब मोठे आहेत किंवा हात उशिरा मिटला. पूर्ण प्रवाहावर ब्रँच फाडकन मिटायचा नाही, पाण्याचा झटका मागे जाऊन कपलिंगपाशी होज फुटतो.

आणि खऱ्या आगीपाशी छताचं तापमान थर्मल कॅमेऱ्यात बघून निर्धास्त होऊ नका. कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, मधल्या हवेचं नाही. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही, चकचकीत फरशीत तो स्वतःचंच प्रतिबिंब दाखवतो.

रात्रपाळी

उष्णतेबद्दल दोन ओळी. पोशाखाच्या उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा ३५ हा जो आकडा सांगतात त्याचा अर्थ पेटलेल्या खोलीत साधारण साडेसतरा सेकंदांत दुसऱ्या दर्जाचा भाजका. तोही कोरड्या, न दबलेल्या कापडावर. गुडघा टेकतो तिथे आणि सेटच्या पट्ट्याखाली कापड दबतं, तिथे आधी भाजतं. मास्कची काच पॉलिकार्बोनेटची असते, १५० अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते.

सरावातही दोन छोट्या सिलेंडरनंतर सक्तीची विश्रांती. कोट-पँट उतरवून, हात कोपरापर्यंत गार पाण्यात १५-२० मिनिटं. नुसतं कोट उघडून सावलीत बसल्याने शरीर थंड होत नाही. कर्तव्यावर मरणाऱ्या अमेरिकन जवानांत भाजून मरणाऱ्यांपेक्षा हृदय बंद पडून मरणारे जास्त आहेत, त्यामुळे हे लाड समजू नका.

नंतरची धुलाई हाही सरावाचा भाग. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमन जवानाच्या व्यवसायालाच पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात टाकलं. मास्क तोंडावर आणि हवा चालू असतानाच पाणी, साबण, ब्रश. एका अभ्यासात एवढ्याने पोशाखावरचे घातक हायड्रोकार्बन साधारण ८५ टक्के कमी झाले. नुसता ब्रश मारून किंवा हवेने उडवून ते फारसे जात नाहीत.

शिडीवाला

शिडीचं कुणी काढलं नाही म्हणून. कोन ७५ अंश, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर पाया. बाकी पुस्तकात आहे.

जिन्याखाली

पुस्तकात नाही ते एक: सरावानंतरची चर्चा. 'छान झालं, पुढच्या वेळी वेग वाढवा' याला चर्चा म्हणत नाहीत. आधी ब्रँचवाल्याला विचारा त्याला काय वाटलं चाललंय, मग वळणावरच्याला, मग पंपवाल्याला. तिघांची उत्तरं जिथे वेगळी येतात तिथेच चूक झालेली असते. त्यातली एकच दुरुस्त करा आणि तोच फेरा लगेच, त्याच दिवशी, पुन्हा. पुढच्या आठवड्यावर ढकलली की चुकीची पद्धतच शेवटची आठवण राहते. घड्याळ शेवटी आणा, आधी नाही. घड्याळ लावलं की सगळ्यात आधी गेज बघणं बंद होतं.

धुरकट

सगळ्यांचे आभार. पहिल्या सहा आठवड्यांचा कच्चा आराखडा असा करतोय. दर वेळी पहिला अर्धा तास बीए, डोळे न उघडता व्हॉल्व्ह, बायपास (मास्कमध्ये थेट हवा सोडणारी कळ), रेडिओ. पहिले दोन आठवडे भरलेला होज आणि वळणं, हळू, घड्याळाशिवाय. तिसरा दार आणि नकली धूर. चौथा मेडे, काचेला मेणकागद. पाचवा पट्ट्याचं खोगीर आणि पुतळा जिन्यावरून. सहावा सगळं मिळून, कुणालाही आधी न सांगता एक बिघाड पेरून. फेऱ्यानंतर धुलाई प्रत्येक वेळी.

हवेचाहिशोब

ठीक वाटतंय. दोन दुरुस्त्या. चौथ्या आठवड्यात मेणकागद काचेपुरताच कापा. खाली सरकून उच्छ्वासाच्या झडपेवर किंवा मास्कच्या कडेत आला तर मास्क गळतो आणि हवा भसाभस जाते. आणि सहाव्या आठवड्यातला बिघाड कुणाच्याही हवेचा असू नये. सिलेंडर खरोखर बंद करून 'बघू काय करतो' हा प्रकार काही ठिकाणी चालतो. बायपास अडकला तर बघत बसायला वेळ नसतो. रेडिओ बंद करा, होज वळवा, दार लावा. व्हॉल्व्हला हात नाही.